डिजिटल पायरसीची नैतिकता (बडोदे)

पुस्तक, चित्रपट, गाणे वा सॉफ्टवेअर हक्कधारकाच्या परवानगीवाचून उतरवून घेणे किंवा पुढे पाठवणे म्हणजे डिजिटल पायरसी. वाङ्मयचौर्य वेगळे. तिथे लेखकाचे नाव पुसले जाते. इथे नाव शाबूत राहते, मानधन बुडते.

बडोद्याच्या मराठी वाचकापुढे हा प्रश्न बहुधा पीडीएफच्या रूपाने येतो. मराठी पुस्तकांची पुण्या-मुंबईसारखी सोय इथे नाही. मग व्हॉट्सॲपच्या गटात ‘कुणाकडे पीडीएफ आहे का?’ अशी विचारणा होते आणि घटकाभरात स्कॅन येऊन पडते. समर्थनार्थ बडोद्याच्याच मोफत वाचनाच्या परंपरेचा दाखला देता येतो, आणि ती परंपरा खरोखर थोर आहे. सयाजीराव गायकवाडांनी 1910 मध्ये अमेरिकेहून ग्रंथपाल विल्यम बॉर्डन यांना बोलावून सार्वजनिक ग्रंथालयांचे जाळे विणायला घेतले, मध्यवर्ती ग्रंथालयाला राजवाड्यातला स्वतःचा संग्रह दिला. पुस्तकांच्या पेट्या खेडोपाडी फिरू लागल्या. पण वाचकाला पुस्तक फुकट मिळाले ते कुणीतरी त्याचे पैसे मोजले होते म्हणून. शिवाय ग्रंथालयाची प्रत एका वेळी एकाच्याच हाती असते. पीडीएफ एका दिवसात हजारोंकडे पोचते. तेव्हा हा दाखला लागू पडत नाही.

‘मूळ पुस्तक कुठे कमी झाले?’ हा युक्तिवाद वरकरणी बिनतोड वाटतो. उतरवून घेणारा प्रत्येकजण एरवी गिऱ्हाईक झाला असता असेही नाही. तरी मराठी आवृत्ती फार तर हजाराच्या आतबाहेर निघते. त्यातले शंभर वाचक गळाले तरी दुसरी आवृत्ती अडते.

1957 च्या कायद्यानुसार लेखकाच्या मृत्यूनंतर 60 वर्षे प्रताधिकार (कॉपीराइट) राहतो. बडोद्याचे राजकवी चंद्रशेखर 1937 मध्ये वारले. त्यांची कविता कुणीही खुशाल स्कॅन करून वाटावी. अंध वाचकांसाठी सुलभ (ब्रेल वा ध्वनिरूप) प्रत करण्याची मुभा 2012 च्या दुरुस्तीने दिली आहे.

खरी अडचण हक्क शाबूत असूनही वर्षानुवर्षे न छापलेल्या पुस्तकांची. प्रकाशन बंद पडलेले, वारसांचा पत्ता नाही, उरलेल्या प्रतीला वाळवी लागलेली. कायद्याने तिचे स्कॅन वाटणेही उल्लंघनच. पण इथे कुणाचे मानधन बुडत नाही आणि पुस्तक मात्र टिकते, म्हणून स्कॅन वाटणाऱ्याला चोर म्हणवत नाही. नवी आवृत्ती निघाली की त्याने ते स्कॅन काढून घ्यावे, एवढी अपेक्षा रास्त आहे.