पोटॅशियम आयन वाहिन्या : आरोग्य, आजार आणि खानदेश

पोटॅशियम आयन वाहिनी म्हणजे पेशीच्या पटलात बसलेले प्रथिनाचे दार. त्यातून पोटॅशियमचे आयन (विद्युतभार असलेले अणू) ये-जा करतात, बहुतेक वेळा बाहेरच जातात. पेशीच्या आत पोटॅशियम खच्चून भरलेले असते (लिटरमागे सुमारे १४० मिलिमोल), तर रक्तद्रवात ते जेमतेम ३.५ ते ५. ही तफावत सोडियम-पोटॅशियम पंप ऊर्जा खर्चून टिकवतो. दार उघडले की पोटॅशियम उताराने बाहेर पडते, पेशीची आतली बाजू ऋणभारित होते आणि उत्तेजित झालेला मज्जातंतू किंवा स्नायू पुन्हा निवांत होतो. माणसात अशी दारे घडवणारी सत्तरहून अधिक जनुके आहेत. खानदेशात पोटॅशियम म्हटले की डॉक्टरांना केळे आठवते आणि शेतकऱ्याला पालाश, म्हणजे पोटॅशियमचे खत. आजाराचे मूळ मात्र पुष्कळदा दाराच्या उघडझापीत असते.

सोडियमचा आयन पोटॅशियमपेक्षा लहान, तरी तो या वाहिनीतून जात नाही. रॉडरिक मॅकिनन यांनी १९९८ मध्ये एका जिवाणूच्या वाहिनीची रचना क्ष-किरणांनी उलगडून हे कोडे सोडवले. त्यासाठी २००३ चे रसायनशास्त्राचे नोबेल त्यांना विभागून मिळाले. वाहिनीच्या अरुंद भागात ऑक्सिजनचे अणू अशा अंतरावर मांडलेले असतात की पोटॅशियमला भोवतीचे पाणी सोडून आत शिरणे परवडते. लहानखुऱ्या सोडियमला ते अणू नीट कवेत घेऊ शकत नाहीत, म्हणून पाण्याचा संग सोडणे त्याला महाग पडते. एवढी पारख करूनही काही वाहिन्यांतून सेकंदाला दहा कोटींच्या घरात आयन जाऊ शकतात.

खानदेशाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची वाहिनी तांबड्या पेशीत आहे. नंदुरबार, धुळे आणि जळगावच्या सातपुड्यालगतच्या आदिवासी वस्त्यांत, भिल्ल, पावरा अशा समाजांत सिकलसेल हा आनुवंशिक आजार आढळतो. त्यात हिमोग्लोबिनच्या एका साखळीतले एकच अमिनो आम्ल बदललेले असते. ऑक्सिजन सुटला की हे हिमोग्लोबिन एकमेकांना चिकटून दांडे बनवते आणि पेशी विळ्यासारखी वाकते. इथवरची गोष्ट पाठ्यपुस्तकात असते. पुढची सहसा सांगितली जात नाही. वाकलेल्या पेशीत कॅल्शियम शिरते आणि त्याने गार्डोस वाहिनी उघडते. हंगेरीचे ग्यॉर्गी गार्डोस यांनी हा परिणाम १९५८ मध्ये नोंदवला होता. वाहिनी उघडली की पोटॅशियम बाहेर जाते, त्यामागे क्लोराइड आणि पाणी. पेशी सुकते, आतले हिमोग्लोबिन दाटते आणि दाटी जराशी वाढली तरी दांडे कितीतरी लवकर बनतात. उन्हाळ्यात, तापात किंवा जुलाबात सिकलसेलच्या रुग्णाला ‘पाणी पीत राहा’ म्हणतात त्यामागे हीच भीती आहे : शरीर सुकले की पेशी आणखी सुकतात.

ही वाहिनी बंद करणारे सेनिकॅपॉक नावाचे औषध तयार झाले. चाचणीत हिमोग्लोबिन वाढले, पेशी फुटण्याचे प्रमाण घटले. पण वेदनेचे झटके काही कमी झाले नाहीत, आणि चाचणी मध्येच थांबली. रक्ताचा अहवाल सुधारला म्हणजे रुग्णाचे दुखणे सरले असे नाही, हे त्यातून दिसले. उपचारात हायड्रॉक्सियुरिया अजूनही महत्त्वाचे औषध आहे.

महाराष्ट्रात आढळणाऱ्या लाल विंचवाच्या विषातून १९९० मध्ये आयबेरियोटॉक्सिन वेगळे केले गेले. नाव परदेशी वाटते, विंचू मात्र आपल्याकडचा. ३७ अमिनो आम्लांचे हे विष कॅल्शियमने उघडणारी मोठी पोटॅशियम वाहिनी नेमकी बुजवते, म्हणून प्रयोगशाळांत ते हत्यारासारखे वापरतात. विंचूदंशात हृदयावर जो घाला येतो तो मुख्यतः सोडियम वाहिन्या बंद होऊ न देणाऱ्या विषांमुळे. त्यावर प्राझोसिन या रक्तवाहिन्या सैल करणाऱ्या औषधाचा उपचार महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी रूढ केला.

स्वादुपिंडातल्या इन्सुलिन पेशीत साखर आली की एटीपी (पेशीला ऊर्जा पुरवणारा रेणू) वाढते, पोटॅशियम वाहिनी मिटते आणि इन्सुलिन सुटते. ग्लिमेपिराइडसारख्या ‘शुगरच्या गोळ्या’ हेच दार मिटवतात. काही तान्ह्या बाळांचा मधुमेह हे दार नीट न मिटल्यामुळे होतो, असे २००४ मध्ये कळले. त्यानंतर त्यांतल्या पुष्कळांची इन्सुलिनची इंजेक्शने बंद झाली आणि ती याच वर्गातल्या गोळ्यांवर आली.

हृदयात अशी वाहिनी मंदावली की ईसीजीतले क्यूटी अंतर (ठोक्यानंतर हृदय पुन्हा निवांत व्हायला लागणारा वेळ दाखवणारे) लांबते आणि अचानक शुद्ध हरपू शकते. टर्फेनाडिन हे ॲलर्जीवरचे औषध याच कारणाने अनेक देशांच्या बाजारातून मागे घेतले गेले.

राहिला केळ्याचा प्रश्न. रावेर, यावल, चोपडा ही केळीची गावे. शंभर ग्रॅम केळ्यात सुमारे ३५० मिलिग्रॅम पोटॅशियम असते. निरोगी मूत्रपिंड जादा पोटॅशियम आपल्याच वाहिन्यांतून लघवीत सोडते. मूत्रपिंड निकामी झाले की ते रक्तात साठते, पेशीच्या आत-बाहेरची तफावत घटते आणि हृदयाची लय बिघडते. अशा रुग्णाला ऐन केळीच्या मुलखात केळे वर्ज्य ठरते.

केळीच्या झाडातही ही दारे आहेत. पानांवरच्या रंध्रांच्या रक्षक पेशींत पोटॅशियम शिरले की पाणी येते, पेशी फुगतात आणि रंध्र उघडते. पोटॅशियम निघून गेले की मिटते. पालाश कमी पडला तर जुन्या पानांच्या कडा पिवळ्या पडून करपतात, मग मृगबाग (पावसाळ्याच्या सुरुवातीची केळीची लागवड) असो की कांदेबाग (ऑक्टोबरच्या सुमाराची).