तुकडा लहान झाला, तुकडे वाढले: गर्भाशयमुखाच्या बायोप्सीची पार्श्वभूमी

गर्भाशयमुखावरच्या पेशी पुसून तपासणाऱ्या पॅप स्मिअरमध्ये किंवा कॅन्सरला कारणीभूत ठरणारा विषाणू शोधणाऱ्या एचपीव्ही चाचणीत काही वावगं निघालं, की डॉक्टरांचं पुढचं वाक्य बहुधा ठरलेलं असतं: "छोटासा तुकडा काढून तपासायला पाठवू." यातल्या 'छोटासा' या शब्दापर्यंत यायला वैद्यकाला बराच काळ लागला. तो खरोखर किती छोटा असावा, यावर अजून एकमत नाही.

मुळात तुकडा लागतो कशाला? स्मिअरमध्ये येतात त्या सुट्या पेशी. भिंतीवरून गळून पडलेले पोपडे गोळा करून ओल कुठवर मुरली आहे ते सांगायचं, तसा तो प्रकार. पॅथॉलॉजिस्टला पाहायचा असतो भिंतीचा छेद: बिघडलेल्या पेशी गर्भाशयमुखाच्या आवरणाच्या खालच्या एक तृतीयांशातच आहेत, मधल्या भागापर्यंत चढल्या आहेत की पूर्ण जाडी व्यापून बसल्या आहेत. राल्फ रिचर्ट यांनी १९६० च्या दशकात रूढ केलेली 'सीआयएन' ही १ ते ३ अशी श्रेणी याच मोजमापावर उभी आहे. त्याहून महत्त्वाचा प्रश्न असा, की या पेशींनी आवरणाखालचा तळाचा पडदा फोडला आहे का? फोडला असेल तर तो कॅन्सर, नसेल तर कॅन्सरपूर्व बदल.

बर्लिनचे कार्ल रुगे आणि योहान वाइट यांनी १८७० च्या दशकात गर्भाशयमुखाचा तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली पाहून निदान करण्याचा आग्रह धरला. 'बायोप्सी' हा शब्दही त्याच सुमाराचा. १८७९ मध्ये फ्रेंच त्वचारोगतज्ज्ञ अर्नेस्ट बेस्निए यांनी तो दिला. त्या काळी मात्र तुकडा काढला जाई तो डोळ्यांना दिसणाऱ्या गाठीचा किंवा व्रणाचा. दुखणं दिसत होतं, त्यामुळे चिमटा कुठे लावायचा हा प्रश्नच नव्हता.

तो प्रश्न स्मिअरने निर्माण केला. १९२८ मध्ये जॉर्ज पापानिकोलाऊ यांनी ही कल्पना मांडली (रुमानियाच्या ऑरेल बाबेश यांनी स्वतंत्रपणे तिच्याही आधी, पण नाव राहिलं ते पापानिकोलाऊंचंच). पुढे हर्बर्ट ट्राउट यांच्यासोबतचं त्यांचं काम १९४० च्या दशकात प्रसिद्ध झालं आणि १९४७ मध्ये अर्नेस्ट एअर यांची लाकडी पट्टी आली. नमुना घेणं सोपं झालं आणि मोठ्या प्रमाणावर तपासण्या होऊ लागल्या. आता डॉक्टरांपुढे अशा स्त्रिया येऊ लागल्या ज्यांच्या पेशी बिघडलेल्या होत्या, पण गर्भाशयमुख दिसायला निरोगी. बिघाड आहे हे माहीत, पण कुठे ते माहीत नाही. यावरचा उपाय म्हणजे कोन बायोप्सी: पूर्ण भूल देऊन गर्भाशयमुखाचा शंकूच्या आकाराचा भाग सुरीने कापून काढायचा आणि सगळाच तपासायचा. रक्तस्राव होई, रुग्णालयात राहावं लागे. पुढच्या गरोदरपणात मुदतपूर्व प्रसूतीचा धोका वाढतो, हे तर फार उशिरा नीट मोजलं गेलं. त्यातल्या अनेकींच्या शंकूत फारसं काही सापडत नसे.

या काळाकडे पाहताना एक गोष्ट खटकते. जागा दाखवणारं साधन तेव्हा अस्तित्वात होतं. १९२५ च्या सुमारास जर्मनीत हान्स हिन्सेलमान यांनी भिंग आणि प्रखर प्रकाश जोडून कॉल्पोस्कोप बनवला. त्यांना वाटलं होतं, की कॅन्सरची सुरुवात बारीक गाठीसारखी दिसेल; दिसले ते पांढरट चट्टे. ॲसिटिक ॲसिडचं पातळ द्रावण लावलं की दाट केंद्रकांच्या पेशींचा भाग काही वेळ पांढरा होतो, आणि कडा, रक्तवाहिन्यांची नक्षी उठून दिसते. व्हिएन्नाच्या वॉल्टर शिलर यांनी १९२८ च्या सुमारास आयोडीनची चाचणी दिली: निरोगी आवरण गडद तपकिरी होतं, बिघडलेलं रंग घेत नाही. तरीही इंग्रजी भाषक जगात कॉल्पोस्कोपी रुळली ती १९६० नंतर. भाषेचा अडसर होता, किचकट परिभाषा होती, आणि स्मिअर असताना हे कशाला, अशी वृत्तीही होती.

आणखी एक काळी बाजू आहे, जी पाठ्यपुस्तकं बहुधा गाळतात. आउश्वित्झ या नाझी छळछावणीत तिथला मुख्य डॉक्टर एडुआर्ड विर्ट्स याच्या आदेशाने कैदी स्त्रियांवर कॉल्पोस्कोपीचे प्रयोग झाले. काढलेले नमुने हॅम्बुर्गला, म्हणजे हिन्सेलमान काम करत त्या शहरात, तपासणीसाठी जात. हिन्सेलमान यांना युद्धानंतर रोमा स्त्रियांच्या सक्तीच्या नसबंदीबद्दल शिक्षा झाली. 'तुकडा काढण्याचा' इतिहास सांगताना तो कुणाचा आणि कुणाला विचारून काढला, हेही सांगायला हवं.

कॉल्पोस्कोप रुळल्यावर शंकूची जागा चिमट्याने घेतली. चट्टा दिसतो तिथूनच काही मिलिमीटरचा तुकडा, बहुतेक वेळा भूल न देता, बाह्यरुग्ण विभागातच. त्याला शरीररचनेचा आधार होता. अँडरसन आणि हार्टली यांनी १९८० मध्ये ग्रंथींच्या खाचांत शिरलेल्या सीआयएन-३ ची खोली मोजली, तर सरासरी १.२४ मिमी निघाली. इतक्या उथळ गोष्टीसाठी प्रत्येकीचा शंकू कापायची गरज नव्हती.

दोन-तीन दशकं सगळे या चिमट्यावर निर्धास्त होते. मग चीनच्या शान्शी प्रांतातल्या अभ्यासाने धक्का दिला. तिथे दिसणाऱ्या चट्ट्यांतून तर तुकडे घेतलेच, शिवाय निरोगी दिसणाऱ्या भागांतूनही घेतले. २००४ च्या निष्कर्षांनुसार सीआयएन-२ किंवा त्याहून गंभीर बदलांपैकी ३७ टक्के या 'उगाच' घेतलेल्या तुकड्यांत सापडले. म्हणजे तज्ज्ञाच्या नजरेला तिथे काहीच दिसलं नव्हतं. पुढे २०१५ मध्ये निकोलस वेंट्झेन्सेन आणि सहकाऱ्यांनी हिशेब मांडला: गंभीर बदल असलेल्या स्त्रियांत तो एका तुकड्यात सापडण्याचं प्रमाण ६०.६ टक्के, दोन तुकड्यांत ८५.६, तीन तुकड्यांत ९५.६. अमेरिकेतल्या २०१७ च्या कॉल्पोस्कोपी मानकांनी दोन ते चार तुकडे घ्यायला सांगितलं. एक मोठी जखम टाळण्यासाठी सुरू झालेला प्रवास असा अनेक लहान जखमांपाशी आला.

कमी त्रासाच्या नमुन्याचा शोध खरं तर इथून सुरू होतो. टोकदार चिमट्याऐवजी बारीक आकड्यांसारखे तंतू असलेलं कापडी किंवा ब्रशसारखं टोक आवरणावर दाबून फिरवायचं. घासलेल्या ऊतीचे कण त्यात अडकतात आणि ते टोक तसंच फॉर्मॅलिनमध्ये जातं. गर्भाशयमुखाच्या नळीतला नमुना घेण्यासाठी खरवडणाऱ्या क्युरेटऐवजी ब्रश वापरण्याचा प्रयत्न त्याआधीपासूनच चालू आहे, कारण अनेक स्त्रियांना चिमट्यापेक्षा ते खरवडणंच नकोसं होतं. पॅथॉलॉजिस्टांची हरकत वेगळी आहे, आणि मला ती रास्त वाटते. कण सुटे आले, उलटसुलट आले, तर जाडी कशी मोजायची? तळाचा पडदाच नमुन्यात नसेल तर तो फुटलाय की नाही हे कोण सांगणार? नमुना फार हळुवारपणे घेतला तर आपण पुन्हा पोपड्यांपाशीच येतो.

दुखण्याचं काय? गर्भाशयमुखाला संवेदना जवळपास नसते, हे वाक्य पिढ्यान्‌पिढ्या शिकवलं गेलं. त्याच्या आधारासाठी बरेचदा आल्फ्रेड किन्सी यांचा १९५३ चा अहवाल पुढे केला जातो: हलक्या स्पर्शाची जाणीव फक्त ५ टक्के स्त्रियांना झाली. त्याच तक्त्यात दाबाची जाणीव झालेल्यांचा आकडा ८४ टक्के आहे; तो मात्र फारसं कुणी उद्धृत करत नाही. चिमटा आणि क्युरेट हलका स्पर्श करत नाहीत. चिमटा लावताना जोरात खोकायला सांगण्याची युक्ती जुनी आहे, आणि २००८ च्या एका चाचणीत ती भुलेच्या इंजेक्शनइतकीच उपयोगी ठरली, कारण इंजेक्शनही दुखतंच. अमेरिकेतल्या स्त्रीरोगतज्ज्ञांच्या संघटनेने अशा प्रक्रियांआधी वेदनेबद्दल बोलावं आणि वेदनाशमनाचा पर्याय द्यावा, असं लेखी सांगितलं ते २०२५ मध्ये.

दरम्यान मुळातच कमी स्त्रियांना चिमट्यापर्यंत यावं लागेल, अशी वाट एचपीव्हीमुळे खुली झाली. हाराल्ड त्सुर हाउझेन यांच्या गटाने १९८३ मध्ये एचपीव्ही-१६ हा या विषाणूचा प्रकार वेगळा केला. आज तो प्रकार आहे की नाही, आधीचे अहवाल काय होते, यावरून धोका टक्क्यांत मांडता येतो. अमेरिकेच्या २०१९ च्या मार्गदर्शक सूचनांत सीआयएन-३ किंवा त्यापुढच्या बदलाचा तात्काळ धोका ४ टक्क्यांखाली असेल तर कॉल्पोस्कोपी नको, आणि ६० टक्क्यांवर असेल तर बायोप्सीसाठी न थांबता बहुतेकींना थेट उपचार, अशी विभागणी आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या सूचनांत तर तुकडा न काढता तपासणीनंतर लगेच उपचाराचाही मार्ग आहे. त्यातल्या थर्मल ॲब्लेशनमध्ये बिघडलेला भाग उष्णतेने जागीच नष्ट होतो, सूक्ष्मदर्शकाखाली ठेवायला काहीही उरत नाही. म्हणून कॅन्सर झालेला नाही ना, याचा अंदाज उपचार करणाऱ्याला आधीच, ॲसिटिक ॲसिड लावून, नजरेनेच घ्यावा लागतो.