पॉडकास्टमध्ये कॅमेरा कुठून आला

आज मराठीत कुणी "आम्ही पॉडकास्ट सुरू केलाय" म्हटलं, की डोळ्यांसमोर ठरलेलं चित्र येतं: दोन खुर्च्या, दोन मोठे माइक, मागे पुस्तकांचं कपाट आणि खाली यूट्यूबची लिंक. पंधरा वर्षांपूर्वी बहुतेकांसाठी याच शब्दाचा अर्थ 'ऐकायची फाइल' एवढाच होता. ऑडिओला व्हिडिओची जोड द्या, जास्त लोकांपर्यंत पोचाल, हा सल्ला आता प्रत्येक नव्या पॉडकास्टवाल्याला पहिल्याच दिवशी मिळतो. सल्ला खोटा नाही. पण त्याच्यामागे पंचवीस वर्षांची देवघेव आहे, आणि तिच्यात काय मिळालं याइतकंच काय हातून गेलं हेही पाहायला हवं.

सुरुवात 2000 सालची. एखाद्या संकेतस्थळावर नवं काय आलं हे वाचकाच्या संगणकाला आपोआप कळवणारी यादी म्हणजे आरएसएस फीड. त्या वर्षीच्या ऑक्टोबरात ट्रिस्टन लुई यांनी एका मसुद्यात सुचवलं की या यादीसोबत आवाजाच्या आणि चित्रांच्या फाइलीही पाठवता याव्यात. त्याच सुमारास एमटीव्हीवरचे माजी निवेदक अ‍ॅडम करी आणि प्रोग्रॅमर डेव्ह वायनर यांच्यातही हीच चर्चा चालू होती. अडचण साधी होती. व्हिडिओवर क्लिक करायचं, ताटकळत बसायचं आणि शेवटी दिसायचं पोस्टाच्या तिकिटाएवढं धूसर चित्र. त्यापेक्षा संगणक रिकामा असताना फाइल आपसूक उतरून घ्यावी, माणसाने सकाळी उठून पाहावी. वायनर यांनी आरएसएसमध्ये 'एन्क्लोजर' नावाची सोय केली. पत्रासोबत पाकिटात दुसरी वस्तू घालावी तशी. जानेवारी 2001 मध्ये त्यांनी ती ग्रेटफुल डेड या बँडचं गाणं जोडून दाखवली.

म्हणजे पॉडकास्टची नळी खोदली गेली तेव्हाच तिच्यातून चित्र न्यायचं मनात होतं. आवाज हा मूळ धर्म आणि व्हिडिओ हा नंतरचा उपरा, ही समजूत मला म्हणूनच पटत नाही. आवाज पुढे गेला तो वजनाने हलका म्हणून.

हे वजन आकड्यांत पाहू. 64 केबीपीएसचा (म्हणजे सेकंदाला 64 किलोबिट लागणारा) तासाभराचा ऑडिओ साधारण 29 एमबी होतो. साध्या प्रतीचा, 1 एमबीपीएसचा (सेकंदाला एक मेगाबिट, म्हणजे हजार किलोबिट) व्हिडिओ 450 एमबी. भारताच्या 2004 च्या ब्रॉडबँड धोरणात 256 केबीपीएस वेगाला 'ब्रॉडबँड' म्हटलं होतं. त्या वेगाने ऑडिओ पंधरा मिनिटांत उतरायचा, व्हिडिओला जवळजवळ चार तास. शिवाय फाइल जितक्या लोकांनी उतरवली तितकं सर्व्हरचं बिल, आणि ते भरायचं कार्यक्रम करणाऱ्यानेच. श्रोते वाढले की आनंदासोबत बिलही वाढायचं. अशा हिशेबात चित्राला जागा नव्हती.

2003 मध्ये हार्वर्डच्या बर्कमन सेंटरमध्ये असलेले पत्रकार ख्रिस्तोफर लायडन यांच्या मुलाखती वायनर यांनी फीडमधून पाठवायला सुरुवात केली. फेब्रुवारी 2004 मध्ये 'द गार्डियन'मधल्या लेखात बेन हॅमर्सली यांनी या प्रकाराला काय म्हणावं याचे दोन-तीन पर्याय मांडले, त्यातला एक होता 'पॉडकास्टिंग'. 28 जून 2005 ला अ‍ॅपलने आयट्यून्स या आपल्या गाण्यांच्या प्रोग्रॅममध्ये तीन हजारांवर पॉडकास्ट आणले आणि दोन दिवसांत दहा लाखांहून अधिक वर्गण्या (म्हणजे सबस्क्रिप्शन, पैसे न भरता) नोंदल्या गेल्या. ऑक्टोबरात आयपॉड या खिशातल्या गाण्यांच्या यंत्राचा व्हिडिओ दाखवणारा अवतार आला. पडदा अडीच इंचांचा.

व्हिडिओ पॉडकास्ट त्याच वर्षी होतेही. केव्हिन रोज आणि अ‍ॅलेक्स अल्ब्रेक्ट यांचा 'डिगनेशन' जुलै 2005 चा. दोघं सोफ्यावर बसायचे, मांडीवर लॅपटॉप, हातात बिअर, आणि आठवड्याच्या बातम्यांवर गप्पा मारायचे. आज नवी वाटणारी ही सगळी मांडणी तेव्हाची आहे, आणि ती फीडमधूनच घरोघर जायची, बघणाऱ्यांना व्हिडिओ आणि ऐकणाऱ्यांना ऑडिओ. त्याहीआधी अमेरिकी रेडिओ निवेदक हॉवर्ड स्टर्न यांच्या स्टुडिओत कॅमेरे लावून तो कार्यक्रम 1994 पासून ई! वाहिनीवर दाखवला जात होता. माइकपुढे बोलणारी माणसं बघायला लोक बसतात, हे टीव्हीवाल्यांना चांगलं ठाऊक होतं.

मग चित्र मागे का पडलं आणि परत कशामुळे आलं? माझ्या मते उत्तर यूट्यूबच्या काही निर्णयांत आहे, आणि ते निर्णय पॉडकास्टचा विचार करून घेतलेले नव्हते. यूट्यूबने 2005 मध्ये होस्टिंगचं, म्हणजे फाइली सर्व्हरवर ठेवण्याचं, बिल स्वतःच्या अंगावर घेतलं, त्यामुळे वजनाची अडचण कार्यक्रम करणाऱ्यापुरती मिटली. पण मार्च 2006 पासून तिथे व्हिडिओला दहा मिनिटांची मर्यादा होती. दीड तासाच्या गप्पा नऊ तुकड्यांत कोण बघणार? जुलै 2010 मध्ये मर्यादा पंधरा मिनिटांवर गेली, डिसेंबरात निवडक खात्यांसाठी उठली. तरी लांब व्हिडिओला भाव नव्हता, कारण शिफारशी क्लिकवर ठरायच्या. 2012 मध्ये यूट्यूबने जाहीर केलं की यापुढे किती क्लिक पडल्या यापेक्षा माणूस किती वेळ बघत राहिला याला महत्त्व मिळेल. तेव्हापासून तासन्‌तास चालणारी मुलाखत तोट्याची वस्तू राहिली नाही. वाढलेल्या प्रेक्षकांचं श्रेय लोक सहसा कॅमेऱ्याला आणि सेटला देतात, मला ते या एका बदलाला जास्त द्यावंसं वाटतं.

अमेरिकी विनोदवीर जो रोगन यांनी 24 डिसेंबर 2009 ला ब्रायन रेडबन यांच्यासोबत वेबकॅमसमोर बसून यूस्ट्रीम या थेट प्रक्षेपणाच्या संकेतस्थळावर गप्पा सुरू केल्या होत्या. 2013 पासून ते भाग यूट्यूबवर गेले आणि नव्या हिशेबाचा त्यांना पुरेपूर फायदा झाला. सप्टेंबर 2018 मध्ये त्यांच्या टेबलावर इलॉन मस्क यांनी गांजा मिसळलेल्या सिगारेटचा झुरका घेतला आणि ते चित्र जगभरच्या बातम्यांत गेलं. नुसत्या आवाजाने ते घडलं नसतं. ऐकण्याच्या फाइलीतून तुकडा काढून दाखवणं अवघड, व्हिडिओचा तुकडा मात्र स्वतःची जाहिरात स्वतः करत फिरतो.

आवाजाची ताकद या काळात संपली होती असं मात्र नाही. 2014 चा 'सीरियल' हा सेरा केनिग यांचा शोधकथेचा पॉडकास्ट निव्वळ ध्वनीवर जगभर गाजला. तिथे रस्त्याचा, फोनचा, थांबलेल्या श्वासाचा आवाज कथा सांगतो आणि कॅमेरा लावला तर बिघडतं. गप्पांना कॅमेरा मानवतो, ध्वनिकथेला नाही. सरसकट 'व्हिडिओ करा' म्हणणारे हा फरक विसरतात, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

2020 मध्ये गोष्टी भराभर घडल्या. टाळेबंदीत पाहुणे झूमवर आले, त्यांचे कॅमेरे चालूच होते, चित्र फुकटात हाती लागलं. मे महिन्यात स्पॉटिफायने रोगन यांच्याशी करार केला आणि जुलैत व्हिडिओ पॉडकास्ट दाखवायला सुरुवात केली. जूनअखेर भारतात टिकटॉकवर बंदी आली आणि सप्टेंबरात यूट्यूबने शॉर्ट्सची चाचणी जगात सर्वांत आधी भारतात घेतली. लांब मुलाखतीतून मिनिटभराच्या क्लिपा कापून सोडायचा आजचा शिरस्ता आपल्याकडे इतका पटकन रुळला, त्याचं एक कारण हे. त्याआधी 5 सप्टेंबर 2016 ला जिओ आलं आणि डेटा स्वस्त झाला होताच.

मराठी पॉडकास्टचा मोठा प्रवाह या टोकाला येऊन मिळाला. आपल्या बहुतेक श्रोत्यांनी फीड, वर्गणी, आयपॉड हा टप्पा पाहिलाच नाही. आपण रेडिओवरून थेट यूट्यूबवर आलो. 'थिंक बँक', 'मित्रम्हणे', 'दिल के करीब', 'अमुक तमुक' ही नावं लोकांना पडद्यावरून माहीत झाली. त्यात परकं असं फारसं नव्हतं, कारण प्रकट मुलाखत आपल्या अंगवळणी पडलेली आहे. व्याख्यानमालेत, साहित्य संमेलनात दोन माणसांचं बोलणं ऐकायला मंडप भरतो. फेब्रुवारी 2018 मध्ये पुण्यात राज ठाकरे यांनी शरद पवारांची मुलाखत घेतली तेव्हा ती मैदानातल्या गर्दीने ऐकली, आणि घरोघरी लोकांनी पाहिलीही.

आता हातून काय गेलं ते. फीड कुणाच्या मालकीची नसते. श्रोता कुठलंही अ‍ॅप वापरो, त्याने वर्गणी नोंदवली की नवा भाग त्याच्याकडे जाणारच, मध्ये कुणी अडवणारा नाही. यूट्यूबवर सबस्क्राइब केलेल्या माणसालाही भाग दिसेलच याची खात्री नाही, ते शिफारशींचं यंत्र ठरवतं. फेब्रुवारी 2025 मध्ये यूट्यूबने सांगितलं की महिन्याला शंभर कोटी लोक तिथे पॉडकास्ट बघतात किंवा ऐकतात. त्याच्या आदल्याच वर्षी गूगलने फीडवर चालणारं गूगल पॉडकास्ट्स हे अ‍ॅप बंद केलं होतं. स्पॉटिफायवरही दुसरीकडे होस्ट केलेल्या कार्यक्रमाचा व्हिडिओ चढवला की तिथे तो फीडमधल्या ऑडिओची जागा घेतो, आणि त्या ऐकण्याची नोंद तुमच्या फाइली ठेवणाऱ्या होस्टिंग कंपनीकडे येत नाही. प्रेक्षक वाढतात, पण ते त्या कंपनीच्या अंगणात उभे असतात.

म्हणून व्हिडिओ जरूर करावा, पण ऑडिओची फीड आधी उभी करावी आणि ती कधी बंद पडू देऊ नये, असं मी प्रत्येकाला आग्रहाने सांगतो. रेकॉर्डिंग तर एकच असतं. बोलताना मात्र "हे बघा" म्हणून फोटो दाखवला, तर त्यात काय आहे ते एका वाक्यात तोंडानेही सांगावं. पैसे न भरता यूट्यूबच्या अ‍ॅपवर ऐकणाऱ्याने फोनचा पडदा बंद केला, की आवाजही बंद पडतो. पोळ्या लाटणारी बाई, एसटीत डोळे मिटून बसलेला प्रवासी, दिसत नसलेला श्रोता यांच्यासाठी ती 29 एमबीची फाइल आजही पुरते.