अर्धशिशीतली ‘शीर’ नेमकी कोणती?

सोलापुरात एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशीच्या पुढे गेला की डोक्याला ओला पंचा गुंडाळून दवाखान्याच्या बाकावर बसलेली माणसे दिसू लागतात. त्यांतल्या अर्धशिशीच्या रुग्णाला काय होते असे विचारले, तर तो कानशिलावर बोट ठेवून ‘ही शीर उडते’ एवढेच सांगतो. मराठीतला ‘शीर’ हा शब्द, आणि त्याच्या जोडीचा ‘नस’ हाही, मोठा फसवा आहे. सलाईनची सुई टोचतात ती शीर रक्तवाहिनी असते आणि कमरेत दबते ती शीर मज्जातंतू असते. अर्धशिशीत उडणारी शीर यांपैकी कोणती, या प्रश्नावर वैद्यकात दीडशे वर्षे वाद झाला. त्याचे उत्तर वेळोवेळी बदलले, कारण जिवंत माणसाच्या मेंदूत डोकावण्याची साधने बदलत गेली.

या दुखण्याची नोंद मात्र साधनांच्या कितीतरी आधीची आहे. सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात अकरा शिरोरोग सांगितले आहेत. त्यांतल्या अर्धावभेदकात अर्धे डोके फुटल्यासारखे दुखते आणि हा त्रास दहा दिवसांनी, पंधरा दिवसांनी किंवा अकस्मातही उलटतो, असे वर्णन आहे. सूर्याबरोबर चढणाऱ्या आणि सूर्याबरोबर उतरणाऱ्या दुखण्याला तिथे सूर्यावर्त असे निराळे नाव आहे. आपल्याकडच्या घरगुती उपायांत सूर्य उगवायच्या आत दूध-जिलबी खाण्याचा जो नेम दिसतो, त्यामागे दुखण्याची उन्हाशी घातलेली हीच सांगड असावी. कपाळावर सुंठीचा लेप देणे आणि डोके फडक्याने आवळून बांधणे हे उपाय तर अजूनही चालतात. आवळल्याने बरे वाटते, तेव्हा आत काहीतरी फुगत असले पाहिजे, हा तर्क कोणालाही सुचेल असाच आहे.

आधुनिक वैद्यकालाही नेमका तोच तर्क सुचला. अमेरिकेतील हॅरल्ड वुल्फ आणि त्यांचे सहकारी जॉन ग्रॅहम यांनी १९३८ साली दाखवले की, एर्गोटामिन हे औषध टोचल्यावर कानशिलावरील धमनीचे उडणे कमी होते आणि त्याच वेगाने वेदनाही ओसरते. त्यावरून मेंदूतील रक्तवाहिन्या आधी आकुंचन पावतात, तेव्हा डोळ्यांपुढे चमक येते, आणि पुढे त्या प्रसरण पावल्या की डोके ठणकते, असा सिद्धांत मांडला गेला. तो इतका सुटसुटीत होता की पुढची कित्येक दशके पाठ्यपुस्तकांत तसाच राहिला. बोटाला लागणारी शीर आणि पुस्तकातली शीर एकच ठरली होती.

दुसरी वाट त्याहून जुनी होती, पण कमी वर्दळीची. इंग्लंडमधील एडवर्ड लिव्हिंग यांनी १८७३ मध्ये अर्धशिशीला मज्जासंस्थेतील वादळ म्हटले होते. त्याच सुमारास, १८७० मध्ये, ह्यूबर्ट एअरी या डॉक्टराने स्वतःला झटक्याआधी दिसणारी नागमोडी, किल्ल्याच्या तटासारखी चमकती रेषा मिनिटामिनिटाला कशी पसरते याची चित्रे काढून ठेवली. मानसशास्त्रज्ञ कार्ल लॅशली यांनी १९४१ मध्ये स्वतःच्या अशाच अनुभवावरून हिशोब मांडला की, दृष्टीचे काम पाहणाऱ्या मेंदूच्या पृष्ठभागावर काहीतरी मिनिटाला सुमारे ३ मिलिमीटर वेगाने सरकत असले पाहिजे. ना यंत्र, ना प्रयोगशाळा. समोर कागद आणि जवळ घड्याळ, एवढ्या बळावर केलेला हा अंदाज पुढे किती अचूक ठरला, हे पाहिले की आजही थक्क व्हायला होते. तीनच वर्षांनी, १९४४ मध्ये, अपस्माराचा अभ्यास करणाऱ्या आरिस्तीदेस लेआंव या ब्राझीलच्या तरुण संशोधकाला सशाच्या मेंदूवर विद्युतक्रिया मंदावण्याची एक लाट तितक्याच संथ गतीने पसरताना आढळली. मात्र ससा आणि माणूस यांच्यामधला दुवा जोडायला माणसाच्या मेंदूत पाहता येणे आवश्यक होते.

ते प्रथम कोपनहेगनमध्ये जमले. येस ओलेसेन, मार्टिन लॉरिट्झेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मानेतील धमनीत झेनॉन-१३३ हा किरणोत्सारी वायू द्रवात विरघळवून सोडला आणि डोक्याभोवतीच्या संवेदकांनी मेंदूच्या कोणत्या भागात रक्त किती वाहते ते मोजले. धमनीत सुई घालण्याच्या या खटाटोपानेच काही रुग्णांना झटका सुरू होई, आणि संशोधकांना तो आरंभापासून टिपता येई. १९८१ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार रक्तप्रवाह मेंदूच्या मागच्या भागात घटू लागे आणि ती घट मिनिटाला सुमारे २ मिलिमीटर वेगाने पुढे सरके. महत्त्वाची गोष्ट अशी की, ही घट कोणत्याही एका धमनीच्या हद्दीत थांबत नव्हती. दोष धमनीचा असता, तर तिच्या शिवारापुरतेच पाणी आटले असते. इथे आटण्याची रेषा बांध ओलांडून जात होती. पुढे असेही दिसले की, डोके दुखायला सुरुवात होते तेव्हा रक्तप्रवाह बहुधा अजून कमीच असतो. वुल्फ यांच्या मांडणीला हा मोठा धक्का होता.

दरम्यान रुग्णालयांतही यंत्रे आली. १९७१ मध्ये लंडनजवळच्या रुग्णालयात पहिल्या रुग्णाच्या डोक्याचा सीटी स्कॅन झाला आणि १९८०च्या दशकात एमआरआय वापरात आला. गाठ, रक्तस्राव, सूज शोधण्यात या यंत्रांनी क्रांती केली, पण अर्धशिशीच्या रुग्णाच्या फिल्मवर बहुतेक वेळा काहीच दिसले नाही. कारण साधे आहे. नेहमीचा स्कॅन मेंदूची ठेवण दाखवतो आणि अर्धशिशीतला मुख्य बिघाड कामाच्या रीतीत असतो. मागाचे छायाचित्र कितीही स्पष्ट काढले, तरी चालू मागावर धागा कुठे ताणला जातो ते त्यात उमटत नाही.

चालू मेंदू पाहण्याची सोय पेट स्कॅन आणि फंक्शनल एमआरआय यांनी करून दिली. १९९४ मध्ये लॉस एंजलिस येथे दुसऱ्याच प्रयोगासाठी पेट यंत्रात झोपलेल्या एका स्वयंसेविकेला योगायोगाने अर्धशिशी सुरू झाली आणि रक्तप्रवाहातील घट मागून पुढे पसरताना थेट नोंदली गेली. पुढच्याच वर्षी जर्मनीतील कॉर्नेलिउस वायलर आणि हान्स-क्रिस्तॉफ डीनर यांच्या गटाने ९ रुग्णांना झटका चालू असताना तपासले. त्यांच्या मस्तिष्कस्तंभाचा, म्हणजे मेंदूला मज्जारज्जूशी जोडणाऱ्या देठाचा, एक भाग जागा झालेला दिसला आणि सुमाट्रिप्टान या अर्धशिशीवरच्या औषधाने वेदना थांबल्यावरही तो जागाच राहिला. याचा अर्थ तो भाग केवळ वेदनेचा प्रतिसाद देत नव्हता. २००१ मध्ये नूशिन हाजीखानी आणि सहकाऱ्यांनी बोस्टनमध्ये, व्यायामाने हमखास चमक सुरू होणाऱ्या एका रुग्णाच्या मदतीने, नजरेपुढे सरकणारी ती चमक आणि मेंदूतली लाट एकाच वेळी टिपली. तिचा वेग मिनिटाला सुमारे ३.५ मिलिमीटर भरला. लॅशलींच्या कागदी हिशोबावर साठ वर्षांनी यंत्राची मोहोर उमटली.

मेंदूच्या रचनेत कायमचे बदल होतात का, हा प्रश्न मात्र इतका सरळ सुटला नाही. २००४ मध्ये नेदरलँड्समध्ये सर्वसामान्य लोकांतून निवडलेल्या २९५ अर्धशिशीग्रस्तांची १४० इतरांशी तुलना झाली. अर्धशिशी असलेल्या स्त्रियांत मेंदूच्या आतल्या पांढऱ्या भागातील ठिपके अधिक आढळले आणि साहजिकच घबराट पसरली. सुमारे नऊ वर्षांनी त्याच लोकांना पुन्हा तपासले, तेव्हा स्त्रियांतील ठिपके वाढलेले होते, पण त्यांचा बुद्धीच्या ऱ्हासाशी संबंध दिसला नाही. पहिली बातमी जितकी पसरली तितकी दुसरी पसरली नाही, हे नेहमीचेच. मेंदूच्या पृष्ठभागाच्या जाडीचे निष्कर्ष तर परस्परविरोधी आहेत: २००३च्या एका अभ्यासात काहीच फरक नाही, २००६ आणि २००७ मध्ये दृष्टीचा आणि स्पर्शाचा भाग जाड, तर इतरत्र वेदनेशी संबंधित भाग विरळ. त्यातही हे बदल दुखण्याचे कारण की परिणाम, ही शंका उरतेच. खुब्याच्या जुनाट दुखण्यात विरळ झालेला मेंदूचा भाग शस्त्रक्रियेने वेदना थांबल्यावर पुन्हा भरतो, असे २००९ मध्ये दाखवले गेले होते.

अलीकडच्या कामांत मला सर्वांत बोलके वाटते ते हाम्बुर्गचे. लॉरा शुल्टे आणि आर्ने माय यांनी एकाच रुग्ण स्त्रीचा सलग ३० दिवस, रोज, फंक्शनल एमआरआय केला आणि २०१६ मध्ये त्याचे निष्कर्ष मांडले. तेवढ्या काळात तिला तीन झटके आले. प्रत्येक झटक्याच्या आधीच्या २४ तासांत तहान, भूक, झोप सांभाळणारा हायपोथॅलॅमस अधिक सक्रिय झालेला आणि चेहऱ्याच्या वेदना वाहणाऱ्या ट्रायजेमिनल मज्जातंतूच्या केंद्राशी त्याचे नाते बदललेले दिसले. झटक्याच्या आदल्या दिवशी जांभया येणे, गोड खावेसे वाटणे, उजेड खुपणे या तक्रारींचा उलगडा त्यातून होऊ लागतो. आपण मात्र कालच्या गोडाला आणि आजच्या उन्हाला दोष देऊन मोकळे होतो. त्यांतला काही भाग कारण नसून झटक्याचा आरंभच असू शकतो.

म्हणून रक्तवाहिनी अगदीच निर्दोष सुटली असे नाही. मेंदूच्या आवरणातील वाहिन्यांवर ट्रायजेमिनलचे तंतू पसरलेले असतात आणि वेदनेचा उगम तिथे असावा, असे मायकल मॉस्कोविट्झ यांनी १९७९ मध्ये सुचवले होते. हे तंतू सीजीआरपी नावाचे द्रव्य सोडतात. त्याला अडवणारी औषधे २०१८ पासून अमेरिकेत मान्यता मिळवू लागली. पण २०१३ मध्ये डेन्मार्कमध्ये झटका चालू असतानाच धमन्यांचा एमआरआय केला, तेव्हा डोक्याबाहेरच्या धमन्या फुगलेल्या आढळल्याच नाहीत आणि आतल्याही अगदी किंचितच रुंदावलेल्या होत्या. कानशिलावर बोटाला लागते ती शीर उडत असते हे खरे, पण दुखते ते तिच्या अंगावरच्या आणि तिच्यामागच्या तंतूंमुळे.

सोलापूरच्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात असो की खाजगी केंद्रात, एमआरआयच्या रिपोर्टवर ‘नॉर्मल’ लिहून आले की घरात दोन प्रतिक्रिया उमटतात. एक सुटकेचा निःश्वास, आणि दुसरी, विशेषतः दुखणे सुनेचे असेल तर, ‘मग दुखतं कशाला?’ ही. त्या तपासणीचा हेतू गाठ किंवा रक्तस्राव नाही ना, एवढे पाहण्याचा असतो. अर्धशिशीचे निदान लक्षणे ऐकूनच होते. वर सांगितलेले स्कॅन वेगळ्या जातीचे आहेत. ते झटक्याच्या ऐन क्षणी किंवा अनेकांची सरासरी काढून केलेले आहेत आणि एकट्यादुकट्या रुग्णाचे निदान त्यांवरून करता येत नाही. शिवाय ते सगळे युरोप-अमेरिकेतले आहेत. आपल्या शेजारच्या कर्नाटकात, बंगळूर आणि आसपासच्या गावांत, घरोघर जाऊन केलेल्या पाहणीत वर्षभरात २५.२ टक्के प्रौढांना अर्धशिशी झाल्याचे आढळले होते. त्या पाहणीसाठी यंत्र लागले नव्हते, फक्त नीट विचारलेले प्रश्न लागले होते.