अमायलॉइड: आयोडीनच्या डागापासून प्रथिनाच्या ओळखीपर्यंत

बायॉप्सीच्या अहवालात 'अमायलॉइड आढळले' एवढेच लिहिले असेल, तर काम अर्धेच झाले आहे. अमायलॉइड म्हणजे चुकीची घडी पडून अवयवांत तंतूंच्या रूपात साठलेले प्रथिन. ते कोणत्या प्रथिनाचे, यावर रुग्णाचे उपचार ठरतात. पण हा प्रश्न नीट विचारता यायला वैद्यकाला शंभराहून अधिक वर्षे लागली.

१८५४ मध्ये जर्मन विकृतिशास्त्रज्ञ रूडोल्फ फिरखो यांनी मेंदूतल्या काही सूक्ष्म गोलकांवर आयोडीन टाकले. रंग पिष्टासारखा बदलला, म्हणून त्यांनी अमायलॉइड, म्हणजे पिष्टासम, हे नाव दिले. मेणासारख्या घट्ट झालेल्या यकृत-प्लीहेतल्या साठ्यांनाही तेच नाव चिकटले. १८५९ मध्ये फ्रीडराइख आणि केकुले यांनी अशा प्लीहेचे रासायनिक विश्लेषण केले, तेव्हा पदार्थ प्रथिनाच्या जातीचा निघाला. नाव मात्र टिकले.

खरी कलाटणी कापडाच्या रंगातून मिळाली. १८८३ मध्ये जर्मनीत पाउल ब्योटिगर यांनी काँगो रेड तयार केला. सुती कापडाला रंगबंधकाशिवाय थेट बसणारा हा पहिला कृत्रिम रंग. तो अमायलॉइडलाही धरतो, हे १९२२ मध्ये बेनहोल्ड यांनी दाखवले. पुढे बेल्जियममध्ये दिव्री आणि फ्लोर्कँ यांनी रंगवलेला छेद, म्हणजे ऊतीचा पातळ काप, ध्रुवित (एकाच प्रतलात कंप पावणाऱ्या) प्रकाशात पाहून त्याचे द्विअपवर्तन, म्हणजे प्रकाशकिरण दोन भागांत विभागण्याचा गुण, नोंदवले. 'अॅपल ग्रीन' म्हणतात ती हिरवी झाक आजही निदानाची मुख्य खूण आहे.

ही खूण वाचायला सराव लागतो. नेहमीचे तीन-चार मायक्रॉनचे छेद इथे अपुरे पडतात. आठ ते दहा मायक्रॉन जाडी लागते, नाहीतर थोडा साठा नजरेतून निसटतो. कोलॅजनही ध्रुवित प्रकाशात चमकते, पण पांढरट. रंग जास्त बसला तर तेही फसवू शकते. म्हणून प्रत्येक खेपेला खात्रीचा अमायलॉइड असलेला छेद सोबत रंगवायचा, हा नियम मला अनाठायी काटेकोरपणा वाटत नाही.

१९५९ मध्ये कोहेन आणि कॅल्किन्स यांना इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली फांद्या नसलेले बारीक तंतू दिसले. त्यानंतर १९६८ मध्ये ईन्स आणि ग्लेनर यांनी क्ष-किरणांनी त्यांची बीटा-पत्रकांची, म्हणजे प्रथिनाच्या साखळ्या शेजारी-शेजारी रचून झालेल्या घडीची, रचना उलगडली. मूळ प्रथिन कोणतेही असो, घडी तीच. म्हणूनच काँगो रेड सगळ्यांना सारखाच रंगवतो आणि त्यांच्यातला फरक सांगत नाही. १९७१ मध्ये ग्लेनर यांच्या गटाने एका प्रकारातले प्रथिन म्हणजे प्रतिपिंडाची हलकी साखळी असल्याचे सिद्ध केले, आणि प्रकारांची यादी वाढू लागली. आज ती चाळीसच्या आसपास आहे.

आपल्याकडे दीर्घकाळच्या क्षयरोगानंतर किंवा कुष्ठरोगानंतर मूत्रपिंडात साठणारे अमायलॉइड डॉक्टरांच्या जुन्या ओळखीचे. तिथे मूळ संसर्ग आटोक्यात आणणे महत्त्वाचे. हलक्या साखळीचा प्रकार असेल तर त्या साखळ्या बनवणाऱ्या प्लाझ्मा पेशींवर केमोथेरपीसारखे उपचार लागतात. हृदयातले अमायलॉइड ट्रान्सथायरेटिनचे (रक्तात थायरॉइडचे संप्रेरक वाहून नेणाऱ्या प्रथिनाचे) असेल, तर त्या औषधांचा उपयोग नाही, त्रास मात्र होतो. ही गल्लत घडणे अगदी शक्य आहे: कित्येक वृद्धांच्या रक्तात असामान्य प्रतिपिंड सापडते, पण हृदयात साठलेले असते ट्रान्सथायरेटिन. अशा वेळी नुसत्या रक्ततपासणीवर विसंबून चालत नाही. छेदातला साठा लेसरने कापून मास स्पेक्ट्रोमेट्रीने (रेणूंच्या तुकड्यांचे वस्तुमान मोजून) त्यातले प्रथिन ओळखावे लागते.