उभ्या उभ्या म्हातारा झालेला जनरेटर

नगरपरिषदेच्या सभेत 'अग्निशमन केंद्रासाठी नवीन जनरेटर' हा विषय निघाला की एक प्रश्न हमखास येतो: जुना चालला तरी किती तास? तासांचा मीटर बघावा तर गेल्या कित्येक वर्षांत आकडा जेमतेम हललेला. एवढा कमी वापरलेला संच मोडीत कशाला काढायचा, म्हणून विषय पुढच्या सभेवर जातो. पण हा संच चालून झिजलेलाच नसतो, तो उभा राहून खराब झालेला असतो. हे कसं घडलं, त्यासाठी थोडं मागे जावं लागतं.

मुंबईत १८८७ साली अग्निशमन दल महापालिकेच्या ताब्यात आलं, तेव्हा बंब घोडे ओढत आणि पंप वाफेवर चालत. विजेचा संबंधच नव्हता. पुढे टेलिफोन आला, भोंगा आला, वायरलेस आला. पण टेलिफोनला एक्स्चेंजमधून वीज मिळायची, वायरलेसला बॅटरी पुरायची आणि बंबाचा पंप बंबाच्याच इंजिनावर फिरायचा. दिवे गेले तरी कंदिलाच्या उजेडात आगीची वर्दी लिहून घेता येई.

केंद्राचं विजेवाचून अडायला लागलं ते नंतर. बंब भरायला जमिनीखालची टाकी आणि तिच्यावरची मोटर. नियंत्रण कक्षातले संगणक, चार्जिंगला लावलेले वॉकीटॉकी. आणि धुरात शिरणाऱ्या जवानाच्या पाठीवरचा हवेचा सिलिंडर ३०० बार दाबाने भरणारा थ्री फेज कॉम्प्रेसर. मोठ्या आगीत हे सिलिंडर भराभर रिकामे होतात आणि पुन्हा भरून द्यावे लागतात. नेमकी त्याच वेळी वीज नसण्याची शक्यता असते, कारण आग लागली की त्या भागाचा पुरवठा आधी तोडतात. केंद्र त्याच फीडरवर, म्हणजे त्या भागाला वीज पुरवणाऱ्या वाहिनीवर, असेल तर तिथेही अंधार होतो.

मग आलं भारनियमन. २००५ नंतरची काही वर्षं महाराष्ट्राने कशी काढली, हे गावाकडच्या माणसाला सांगायला नको. पुण्यात २००६ साली कारखान्यांनी आपले जनरेटर चालवून शहराची तूट भरून काढली आणि त्याचा जादा खर्च ग्राहकांच्या बिलातून वसूल झाला. ज्या शहरात किर्लोस्कर आणि कमिन्सची इंजिनं बनतात, त्या शहराला हा तोडगा सुचावा हे साजेसंच होतं. आज जो संच पंधरा-वीस वर्षांचा आहे, तो या काळातला. तेव्हा तो रोज चालायचा. रोज चालत असल्यामुळे बॅटरी भरलेली राही, डिझेल ताजं राही, बारीकसा बिघडही त्याच दिवशी लक्षात येई.

भारनियमन सरलं आणि हे सगळं थांबलं. तालुक्याच्या एका केंद्रात मी असा संच जवळून पाहिला आहे. बॅटरीच्या टर्मिनलवर पांढरट भुकटी जमलेली, टाकीच्या तळाशी डिझेलखाली पाणी, सायलेन्सरच्या तोंडाशी काळा तेलकट ओघळ. तिथला तांडेल, म्हणजे जवानांच्या तुकडीचा म्होरक्या, म्हणाला, "दर सोमवारी दहा मिनिटं चालवतो साहेब." ते खरंच होतं, पण बिनलोडवर. मोटर नाही, कॉम्प्रेसर नाही. अशा चालवण्याने इंजिन पुरेसं तापत नाही, डिझेल अर्धवट जळतं आणि काजळी आत साचत जाते. दर सोमवारी इंजिन सुरू होतं, म्हणून वहीत 'ठीक' लिहिलं जातं. लोड पडल्यावर काय होईल, ते त्या वहीतून कधीच कळत नाही.

ते कळण्याचे प्रसंग गेल्या काही वर्षांत लागोपाठ आले. २०१९ च्या महापुरात कोल्हापूर-सांगलीकडची विजेची उपकेंद्रं पाण्यात गेली. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ आलं आणि रायगड किनाऱ्यावरच्या गावांत खांबच उभे राहिले नाहीत. वीज यायला कुठे कुठे आठवडे लागले. १२ ऑक्टोबर २०२० ला सकाळी दहाच्या सुमारास तर मुंबईची वीज गेली. शहर उरलेल्या ग्रिडपासून वेगळं काढून चालू ठेवण्याची तिथली जुनी व्यवस्थाही त्या दिवशी कामी आली नाही.

बदलायचं ठरलं तरी जुन्यासारखाच नवा आणून बसवता येत नाही. जनरेटरच्या धुराचे नियम २००४ पासून लागू झाले, २०१४ मध्ये कडक झाले आणि जुलै २०२३ पासून आणखी कडक. नव्या इंजिनात इलेक्ट्रॉनिक नियंत्रण आलं, किंमत चढली. आवाजासाठी बंदिस्त आवरण हवंच. मधल्या काळात केंद्राचा लोडही वाढलेला असतो. मोटर सुरू होताना नेहमीच्या पाच-सहा पट करंट ओढते, त्यामुळे जुन्या संचाच्या पाटीवरचा केव्हीएचा, म्हणजे क्षमतेचा, आकडा टेंडरमध्ये तसाच उतरवला तर पंप आणि कॉम्प्रेसर एकत्र लावल्याबरोबर नवा संचही दम टाकतो.

जागेचंही तेच. जुना चौथरा बहुतेक वेळा मागच्या अंगणात, सगळ्यात सखल कोपऱ्यात असतो, कारण तिथे आवाजाचा त्रास कमी होई. नवा संच त्याच चौथऱ्यावर बसवण्याआधी गावातल्या पुराची रेषा कुठवर आली होती ते पाहिलं पाहिजे. आणि संच ताब्यात घेताना केंद्राची मेन स्वीच खाली पाडून, पंप, कॉम्प्रेसर, वायरलेस सगळं एकदम चालू करून निदान तासभर चालवून बघितलं पाहिजे. दर महिन्याला एकदा पुन्हा तसंच.