पखाल (कोकण किनारा)

पाणी वाहण्यासाठी जाड चामड्याची हाताने शिवलेली मोठी पिशवी. बैलाच्या किंवा रेड्याच्या पाठीवर ती आडवी टाकतात. दोन्ही कुशींवर लोंबणारे भाग पाण्याने भरले की भार आपोआप तोलला जातो. भरण्याचे तोंड वर असते आणि पाणी सोडण्याची टोके खाली वादीने आवळून बांधलेली असतात. पखाल वाहणारा तो पखाली. माणसाच्या खांद्यावरची लहान पिशवी म्हणजे मसक. ती पखालीपेक्षा आकाराने लहान तर आहेच, पण तिची बनावटही वेगळी आहे. हा फरक नीट लक्षात न घेतल्यामुळे पखालीच्या उगमाची चर्चा बरीच गढूळ झाली आहे.

उगम : याविषयी मुख्यतः दोन मते आढळतात. एक मत पखालीचे नाते थेट वैदिक ‘दृती’शी जोडते. ऋग्वेदात दृती म्हणजे द्रव पदार्थ ठेवण्याची चामडी पिशवी. एकच इंद्रिय सैल सुटले तरी प्रज्ञा कशी गळून जाते, हे सांगताना मनुस्मृतीत (२.९९) ‘दृतेः पादादिवोदकम्’ (चामडी पिशवीच्या पायातून पाणी गळावे तसे) असा दृष्टांत येतो. दुसऱ्या मतानुसार चामड्याच्या पिशवीतून पाणी पुरवण्याची रीत मुसलमानी अमदानीत लष्कराबरोबरच्या भिस्त्यांमुळे रुळली आणि बंदरांच्या शहरांतून कोकणात पसरली.

मनुस्मृतीतील दृष्टांतात पाणी गळते ते ‘पाया’तून. जनावराचे कातडे पोटाशी न चिरता, मोजा काढावा तसे सबंध उतरवले तरच पिशवीला पाय राहतात. त्यांतले तीन बांधून टाकायचे आणि चौथा तोटीसारखा वापरायचा. तेव्हा हा दाखला मसकीचा आहे, शिवलेल्या पखालीचा नव्हे. पखालीसाठी कातडे उभे चिरून, पसरून, कमावून, बेतून मग शिवावे लागते. या दृष्टीने तिची खरी सोयरीक मोटेशी आहे. मोट देशावरची. कोकणात, विशेषतः अलिबाग, चौल, रेवदंडा या पट्ट्यातल्या वाड्यांत, शिंपण्यासाठी मातीच्या लोट्यांचा रहाट चाले. त्यामुळे एवढ्या मोठ्या पाणपिशवीची शिवण घाटावरून मोट शिवणाऱ्या कारागिरांबरोबर खाली उतरली असावी, हे तिसरे अनुमान अधिक सयुक्तिक वाटते. भिस्त्यांमुळे तिचा वापर वाढला असेल, पण वापर आणि बनावट यांचा इतिहास एकच असावा लागत नाही. मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशात (दुसरी आवृत्ती, १८५७) पखाल आणि पखाली हे दोन्ही शब्द आहेत. म्हणजे एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला ही वस्तू सर्वपरिचित होती. त्यामागचा काळ स्थूलमानानेच सांगावा हे बरे.

कातडे व कमावणी : पखालीला म्हशीचे, रेड्याचे किंवा बैलाचे जाड कातडे लागते. पाठीचा भाग घट्ट विणीचा, पोटाचा सैल आणि ताणणारा. म्हणून तळाची शिवण पोटाच्या भागात येणार नाही असा बेत करतात. कच्चे कातडे मिठात मुरवून टिकवीत. उरण, पेण, शिरोडा येथील मिठागरांमुळे किनाऱ्यावर मिठाची वाण नव्हती. केस सैल करण्यासाठी चुन्याचे कुंड लागते. किनाऱ्यावर शिंपले भाजून चुना करण्याची जुनी रीत आहेच. केस निघाल्यावर आतल्या बाजूचा मांसल थर रापीने खरवडतात आणि चुना धुऊन काढतात. चुना आत राहिला तर चामडे पुढे ठिसूळ होते.

कमावणीत कोकणच्या झाडोऱ्याचा मोठा वाटा आहे. सह्याद्रीतल्या हिरड्याच्या वाळलेल्या फळात सुमारे ३० टक्के टॅनीन (कातडे कमावणारे तुरट द्रव्य) असते. परदेशी व्यापारात हिरड्याच्या एका प्रतीला वेंगुर्ले बंदराचेच नाव पडले होते, इतका हा माल तेथून बाहेर जाई. ऐनाची साल कातड्याप्रमाणेच कोळ्यांच्या जाळ्यांनाही लावीत. खाडीतल्या कांदळाच्या सालीत टॅनीन भरपूर असते, पण तिने चामडे लालसर आणि काहीसे राठ होते, म्हणून ती दुसऱ्या सालीबरोबर मिसळणे योग्य. हिरड्याचे टॅनीन पाण्यात विघटन पावणाऱ्या वर्गातले, तर कांदळाचे संघनित वर्गातले. पहिल्याने चामडे फिके व मऊ राहते, दुसऱ्याने भरीव आणि पाण्याला अधिक दाद न देणारे होते. पखालीसाठी दोहोंचे मिश्रण हितकर का, ते यावरून समजते. लोखंडाचा स्पर्श मात्र टाळावा लागतो. टॅनीन आणि लोह एकत्र आले की काळा डाग पडतो आणि तो पुढे निघत नाही.

खेड्यापाड्यांतल्या कमावणीची एक पद्धत येथे मुद्दाम नोंदवण्याजोगी आहे. कातडे आधी काही दिवस सालीच्या पाण्यात ठेवतात, मग त्याच्याच कडा वाखाने ढोबळ टाके घालून शिवतात आणि तयार झालेली पिशवी तिकाटण्याला टांगतात. आत सालीचा चुरा आणि पाणी भरतात. ते पाणी कातड्यातून झिरपून खालच्या भांड्यात पडते, तेच पुन्हा वर ओततात. काही दिवसांनी पिशवी उलटी टांगतात, म्हणजे मानेकडचा आणि शेपटीकडचा भाग सारखा कमावला जातो. अशा रीतीने चामडे होण्याआधीच कातडे एकदा पिशवी होऊन पाणी धरते, आणि कोठे गळते तेही कारागिराला त्याच वेळी दिसते. शेवटी करंजेल किंवा माशाचे तेल चोळतात.

शिवण : पखालीचे सारे कसब शिवणीत आहे. पाण्याची उंची ६० सेंमी. धरली तर तळाशी दर चौ. सेंमी.ला सुमारे ६० ग्रॅम दाब येतो. हा आकडा लहान वाटेल, पण जनावर चालू लागले की पाणी हिंदकळते आणि प्रत्येक पावलागणिक ताण एका कुशीकडून दुसरीकडे जातो. आरीने पाडलेले भोक गोल नसावे, चिरेसारखे बारीक असावे. चिरेत चामड्याचे तंतू बव्हंशी बाजूला सरतात, गोल भोकात ते तुटून जातात. भोके कडेच्या फार जवळ घेतली तर कड फाटते आणि फार दाट घेतली तर शिवणीच्या रेषेवरच चामडे सुटते.

शिवताना दोन्ही कडा एकमेकींवर घेतात, आरी एकदा टोचून तिरकी फिरवतात आणि ती बाहेर येत असतानाच वादीचे टोक आत सारतात. मजबूत शिवणीत एकाच वादीची किंवा दोऱ्याची दोन टोके एकाच भोकातून समोरासमोर ओवतात व दोन्ही हातांनी एकदम आवळतात. एखादा टाका तुटला तरी शेजारचे टाके धरून राहतात. यंत्राच्या शिवणीत वरचा आणि खालचा असे दोन दोरे एकमेकांत अडकलेले असतात. एक तुटला की ती उसवत जाते. वादी ओली करून ओढतात. पखाल भरली की वादी आणि कडा दोन्ही फुगतात आणि भोक आतून मिटते. कोरडी ठेवलेली पखाल पहिल्या भरणीला गळते आणि थोड्या वेळाने धरते, त्याचे कारण हेच. उरलेल्या फटीत मेण आणि चरबी भरतात.

वापर : जांभ्या दगडातून पावसाचे पाणी वेगाने निघून जाते. त्यामुळे भरपूर पावसाच्या या मुलखात चैत्र-वैशाखात विहिरी तळाला जातात. पखालीचा खरा हंगाम तोच. देशावरच्या कोरड्या हवेत चामड्यातून झिरपणाऱ्या पाण्याचे बाष्पीभवन होऊन आतले पाणी गार होते. किनाऱ्यावरच्या दमट हवेत हा लाभ फार थोडा मिळतो. मुंबईत विहार तलावाचे पाणी १८६० मध्ये नळाने आले आणि पखालीचे पिण्याच्या पाण्याचे काम घटत गेले. रस्त्यावर पाणी शिंपणे, बांधकामाला पाणी पुरवणे अशी कामे तिच्याकडे राहिली. ‘आजार रेड्याला आणि इंजेक्शन पखालीला’ या म्हणीत पखाल आजही आहे, पण ती म्हण वापरणाऱ्या बहुतेकांनी पखाल पाहिलेली नाही.

चामड्यातले पाणी शुद्ध की अशुद्ध, यावर धर्मशास्त्रग्रंथांत एकवाक्यता नाही. व्यवहारात मात्र पाणी चालले तेथेही ती पिशवी घडवणारे हात पाणवठ्यावर चालले नाहीत. कातडे सोडवणारे, कमावणारे आणि शिवणारे समाज सार्वजनिक विहिरी-तळ्यांपासून दूर ठेवले गेले. सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करण्याचा सी. के. बोले यांचा ठराव मुंबई विधिमंडळात १९२३ मध्ये संमत झाला, महाड नगरपालिकेने १९२४ मध्ये त्याला दुजोरा दिला, तरी चवदार तळ्याचे पाणी घेण्यासाठी डॉ. आंबेडकरांना २० मार्च १९२७ रोजी सत्याग्रह करावा लागला. पखालीच्या वर्णनातून ही बाजू वगळली जाते, हे योग्य नाही.

ऱ्हास : पत्र्याचे डबे, रबरी नळी, नळपाणी योजना आणि टँकर यांनी पखालीची जागा घेतली. पाणपिशव्यांचे चामडे अधिक टिकावे म्हणून मद्रासमध्ये आल्फ्रेड चॅटर्टन यांनी १९०३ च्या सुमारास क्रोम कमावणीचे (सालीऐवजी क्रोमियमच्या क्षारांनी कातडे कमावण्याचे) प्रयोग केले होते. त्यातून देशी क्रोम-चर्मोद्योग उभा राहिला, पखाल मात्र राहिली नाही. कांदळवन तोडण्यास मुंबई उच्च न्यायालयाने २००५ मध्ये बंदी घातल्याने त्याची साल आता मिळत नाही, आणि राज्यात २०१५ पासून गोवंश हत्याबंदी लागू असल्याने जाड कातड्यासाठी प्रामुख्याने म्हैसवर्गावरच भिस्त आहे. कोल्हापुरी चपलेला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, त्यात कोकणातील जिल्हे नाहीत. किनाऱ्यावर आज हातशिवणीच्या खांद्याच्या पिशव्या होतात त्या बहुधा बाहेरून आणलेल्या तयार चामड्याच्या.

जतन : जुनी पखाल घडी घालून ठेवू नये, घडीवर चामडे चिरते. आत सुती कापड भरून आकार राखावा. हवेतली सापेक्ष आर्द्रता ६५ ते ७० टक्क्यांवर गेली की बुरशी धरू लागते आणि कोकणात पावसाळाभर ती याहून जास्तच असते. म्हणून पखाल भिंतीला न टेकवता हवेशीर जागी ठेवावी, बुरशी कोरड्या ब्रशने काढावी आणि तेल अगदी बेताने लावावे.